वासराच्या मुताला काकवीचा वास आणि ३५ वर्षं बंद असलेलं गेट

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, लग्नाला ११ वर्षं झाली, नवरा इथला ऑस्ट्रेलियाचा, आम्ही न्यू साउथ वेल्समध्ये आर्मिडेलजवळ असतो. सासऱ्यांच्या ६० पोल हेरेफर्ड गायी आहेत, बीफसाठीच. १९८९ मध्ये बाहेरून आणलेल्या एका बुलाबरोबर कळपात रोग आला, तेव्हापासून त्यांनी गेट बंद केलं ते कायमचंच. बुल घरचाच, एका वेळी एक, म्हातारा झाला की त्याचाच मुलगा उभा करायचा. आत्ताचा बुल ६ वर्षं चालू आहे. गेल्या वर्षी एक आणि यंदा दोन वासरं सारखीच गेली, पहिले दोन दिवस मस्त उठून दूध पीत होती, मग मलूल झाली, आडवी पडली, मान मागे ताणून धरली आणि संपली. यंदाच्या दुसऱ्या वासराजवळ मी रात्रभर बसले होते, त्याच्या मुताला चक्क आमच्या गुऱ्हाळासारखा वास येत होता, काकवी लागली की येतो तसा. हसतील म्हणून कोणाला बोलले नाही. शिवाय दूध तोडताना आधी २४५ किलो भरणारी वासरं आता २२० भरतात, गायी उलटतात, गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. सासरे म्हणतात दुष्काळ. मी इनब्रीडिंगचं, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं, नाव काढलं तर म्हणाले, इंग्लंडमधल्या चिलिंगहॅमच्या गायी शेकडो वर्षं बंद आहेत, अमेरिकेतल्या मॉंटानाचा लाईन वन कळप १९३४ पासून बंद आहे, त्यांचं काय वाकडं झालं? खरं आहे का हे? आणि त्यांना न दुखावता मी काय करू? बुल सोडायला ७ आठवडे राहिलेत.

उत्तर

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो, तुमच्या नाकाने बरोबर पकडलंय. कोणी हसणार नाही, उलट एखादा जाणता व्हेट हे ऐकून खुर्चीत सरळ होऊन बसेल. गुऱ्हाळावर वाढलेली मुलगी त्या रात्री तिथे बसली नसती तर ती वासरंही "अशक्त होती, गेली" या खात्यात गेली असती, आणि असल्या खात्यात किती कळपांचे किती दोष पुरले जातात ते मी ३० वर्षं बघत आलोय.

तुम्ही जे वर्णन केलंय ना, दोन दिवस ठणठणीत, मग मलूल, मग मान मागे आणि काकवीचा वास, ते एका आनुवंशिक आजाराशी जवळपास शब्दशः जुळतं, त्याचं नाव मेपल सिरप युरिन डिसीज. मेपल सिरप म्हणजे तिकडच्या झाडाची काकवीच म्हणा. हा आजार माणसांतही आहे, आणि ऑस्ट्रेलियात पोल हेरेफर्ड आणि पोल शॉर्टहॉर्न या दोन जातींत तो चांगलाच माहितीचा आहे. दुधातल्या प्रोटीनमधली तीन अमिनो आम्लं, ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन, ही पुढे फोडायला शरीरात एक एन्झाइम लागतं, या वासरात ते एन्झाइमच कामाचं नसतं. पोटात असेपर्यंत आईचं शरीर सगळं निभावून नेतं म्हणून वासरू जन्मतः सुरेख दिसतं, आणि मग दूध पोटात जायला लागलं की तीच आम्लं रक्तात साठत जातात आणि मेंदूला सूज येते. म्हणजे तुम्ही त्याला बाटलीने दूध पाजायचा प्रयत्न केला असेल तर त्यात तुमची काही चूक नाही, तसंही ते वाचणार नव्हतं, हे मनातून काढून टाका.

पोल हेरेफर्डमध्ये अजून एक आजार आहे त्याच्याशी गल्लत होऊ शकते, त्यात वासरू जन्मल्यापासूनच उभं राहू शकत नाही, डोळे टकटकीत, कान हलतात, भूक असते, पण नुसता हात लावला किंवा जोरात टाळी वाजवली तरी अख्खं अंग फळीसारखं ताठ होतं. तुमची वासरं दोन दिवस स्वतः उठून पीत होती म्हणजे ते नव्हे. तरीही मी इथे हजारो मैलांवर बसून नक्की निदान करणार नाही, कारण मेंदूज्वरानेही मान मागे जाते आणि तुमच्या न्यू इंग्लंडच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत सेलेनियम कमी असतं त्यानेही वासरं आडवी पडतात. पण यासाठी पैज लावत बसायची गरज नाही, याची डीएनए टेस्ट आहे, शेपटीच्या केसांवर होते.

आता सासऱ्यांचं म्हणणं घेऊ. कारण ते अडाण्यासारखं बोलत नाहीयेत, दोन्ही उदाहरणं खरी आहेत, फक्त अर्धी आहेत.

चिलिंगहॅमच्या पांढऱ्या गायी नॉर्थम्बरलँडमध्ये एका बागेत बंदिस्त आहेत, शेकडो वर्षं, बाहेरचं रक्त नाही, कोणी औषध देत नाही, कोणी विण्याला मदत करत नाही. २००१ मध्ये त्यांचे डीएनए तपासले तेव्हा सगळ्या जवळजवळ एकसारख्या निघाल्या, २५ जागा तपासल्या त्यातल्या एकाच जागी काय तो फरक. आणि तरी जगतायत, हे खरंच आश्चर्य आहे. पण १९४७ च्या हिवाळ्यात तो कळप १३ जनावरांवर आला होता, ८ गायी आणि ५ बुल. अजून एक तसाच बर्फ पडला असता तर आज सासऱ्यांकडे हे उदाहरणच नसतं. म्हणूनच नंतर लोकांनी स्कॉटलंडमध्ये एक राखीव कळप वेगळा ठेवला. आणि बघा, तिथे जे वासरू कमजोर ते मरतं, जी गाय उलटते ती वंश सोडत नाही, आणि कोणाच्या घरचा हप्ता त्यावर अवलंबून नाही. शेकडो वर्षांत तिथे किती वासरं काकवीच्या वासाने मेली असतील कोणी लिहून ठेवलंय? जे असे बंद कळप संपून गेले त्यांची नावं आपल्याला माहिती नसतात, टिकला तो एक आपल्याला दिसतो. नदीत उडी मारून पैलतीराला पोचलेल्या एकाला विचारून नदी किती खोल आहे ते ठरवू नये असं आमच्याकडे जुने लोक सांगायचे.

लाईन वनची गोष्ट तर मला फार आवडते, ती मी थोडी पसरून सांगतो कारण सासऱ्यांनाही आवडेल. मॉंटानातल्या माइल्स सिटीला फोर्ट किओ म्हणून सरकारी संशोधन केंद्र आहे. तिथे १९३४ मध्ये ॲडव्हान्स डॉमिनो २० आणि ॲडव्हान्स डॉमिनो ५४ असे दोन सावत्र भाऊ बुल, बाप एकच, यांच्यावर हा कळप उभा केला आणि तेव्हापासून बंद ठेवला. याच कळपातली एल वन डॉमिनेट ०१४४९ नावाची गाय होती, जगात गायीचा जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, पहिल्यांदा वाचला गेला, २००९ मध्ये छापून आला, तो हिचाच. हिलाच का निवडलं? कारण हिचं इनब्रीडिंग ३० टक्क्यांच्या आसपास होतं, आईकडून आलेलं आणि बापाकडून आलेलं इतकं सारखं की वाचणाऱ्याला जुळवायला सोपं.

म्हणजे सासरे म्हणणार, बघ, झाली ना जगप्रसिद्ध! पण तिथे एका वेळी एक बुल कधीच नव्हता. दर वर्षी अनेक बुल वापरले, फार जवळची जोडी टाळली, प्रत्येक वासराचं जन्माचं, दूध तोडतानाचं आणि वर्षाचं वजन कागदावर, आणि त्या वजनावरून कडक निवड, ती पण पिढ्यान् पिढ्या, पगारी माणसं ठेवून. असं करून करून त्यांनी इनब्रीडिंग हळूहळू चढू दिलं. हळू चढलं की निवडीला वेळ मिळतो, वाईट ते बाजूला काढता येतं. झटक्यात चढलं की वाईट आणि चांगलं एकदमच पक्कं होऊन बसतं. सगळा फरक या वेगात आहे. आणि लाईन वन म्हणजे नावातच आलं, त्याच्या जोडीने दुसऱ्या लाईनीही सुरू केल्या होत्या, त्या आज कुठे आहेत हे सासऱ्यांना जरूर विचारा, प्रेमाने.

आता तुमच्या कळपाचा वेग काढू. सोपा हिशोब आहे, बुलांची संख्या गुणिले गायींची संख्या गुणिले ४, भागिले दोन्हींची बेरीज. तुमचं १ बुल आणि ६० गायी, म्हणजे २४० भागिले ६१, उत्तर आलं ४ च्या आत. डोळ्याला ६१ जनावरं दिसतात पण आनुवंशिकतेच्या दृष्टीने तो ४ जनावरांचा कळप आहे. साधारण ५० च्या खाली जाऊ नये असं जगभर सांगतात, ५० असले तर पिढीमागे इनब्रीडिंग १ टक्का वाढतं. तुमच्याकडे ते पिढीमागे १२-१३ टक्क्यांनी वाढतंय. गायी ६० च्या २०० केल्या तरी उत्तर ४ च्या आतच राहतं, करून बघा, कारण सगळं अडलंय ते त्या एका बुलापाशी. तेच ३ बुल ठेवले तर ११ च्या वर जातं.

त्यात आत्ताचा बुल ६ वर्षं चालू आहे. कालवड १५ महिन्यांची झाली की बुलाकडे जाते, म्हणजे तिसऱ्या सीझनपासून तो स्वतःच्या मुलींनाच भरवतोय, आणि आज तुमच्या निम्म्या गायी त्याच्याच मुली असतील तर मला नवल वाटणार नाही. बाप आणि मुलीच्या वासराचं इनब्रीडिंग २५ टक्के, आधीचं जे काही साठलंय ते वेगळंच.

हे २५ टक्के म्हणजे प्रत्यक्षात काय, तर असं समजा की घराच्या कुलपाला दोन किल्ल्या असतात, एक आईकडची एक वडिलांकडची, एक बिघडली तरी दुसरीने दार उघडतं आणि कोणाला कळतही नाही की एक किल्ली खोटी आहे. प्रत्येक जनावराकडे, तुमच्या माझ्याकडेही, अशा काही खोट्या किल्ल्या असतातच. दोन्ही किल्ल्या जर एकाच आजोबांच्या एकाच झिजलेल्या किल्लीवरून पाडलेल्या असल्या तर मात्र दार बंद. इनब्रीडिंगमुळे नवीन खोट तयार होत नाही, जुनीच खोट दोन्ही बाजूंनी येऊन भेटते. सगोत्र लग्न नको म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना जीन माहिती नव्हते, पण सोयरीक जुळवताना मामाचं कूळ, आजोळचं कूळ किती बारकाईने विचारायच्या!

वजनाचं म्हणाल तर हेदर बरो या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९९३ मध्ये बीफच्या जातींवरचे बरेच अभ्यास एकत्र मांडले होते, त्यात वासराच्या इनब्रीडिंगच्या दर १ टक्क्यामागे दूध तोडतानाचं वजन सरासरी ०.४४ किलोने घटतं असं आलं होतं, आणि गायीच्या स्वतःच्या इनब्रीडिंगमुळे दूध कमी पडतं त्याचे अजून सुमारे ०.३ किलो. तुमचं धरा, वासरू २५ टक्के म्हणजे ११ किलो, गायही तेवढीच असेल तर अजून ७-८ किलो, झाले १८-१९. तुमचे कमी झाले २५. म्हणजे सासरे दुष्काळ म्हणतात तेही अगदीच खोटं नाही, उरलेल्यात दुष्काळ असेल. हा हिशोब त्यांना दाखवताना या वाक्याने सुरुवात करा, दुष्काळ आहेच पण.

गायी उलटण्याचंही तेच, इनब्रीडिंगचा पहिला मार गाभण राहणं आणि वासरू जगणं यावर बसतो, मांसाच्या प्रतीवर सगळ्यात कमी, त्यामुळे कत्तलखान्याच्या कागदावर बरीच वर्षं सगळं छान दिसत राहतं. पण उलटण्याला दुसरी कारणंही असतात, बुलाचं वीर्य तपासून घ्या, आणि पेस्टीव्हायरसची, म्हणजे गाभ टिकू न देणाऱ्या एका विषाणूची, रक्ततपासणी करा, ३५ वर्षं बंद असलेल्या कळपात त्याच्याविरुद्धची ताकदच नसते, शेजारच्या कुंपणावरून नाकाला नाक लागलं तरी पुरतं.

आता कामाचं.

बुलाच्या शेपटीच्या गोंड्यातले २०-३० केस मुळासकट उपटून, हो उपटूनच, कात्रीने कापलेल्या केसात डीएनए मिळत नाही, मूळ दिसलं पाहिजे पांढरं टोक, कागदाच्या पाकिटात टाकून लॅबला पाठवा. मेलेल्या तीन वासरांच्या तीन आयांचेही तसेच. एवढ्या चार टेस्टमध्ये चित्र स्पष्ट होईल. पूर्वी हे कसं करायचे माहितीये? बुलात लपलेली खोट आहे का बघायला त्याला मुद्दाम त्याच्याच मुलींवर सोडायचे, आणि २३ वासरं ओळीने निरोगी जन्मली तरच ९५ टक्के खात्रीने म्हणायचं की बुल स्वच्छ आहे, ९९ टक्के खात्री हवी तर ३५ वासरं. तीन-चार वर्षं आणि त्यात मेली ती वासरं वेगळी. आज ते काम एका पाकिटात होतंय.

एखादं वासरू पुन्हा तसं पडलं तर मेल्यावर पुरू नका, लगेच डिस्ट्रिक्ट व्हेटला बोलवा, मेंदूचा तुकडा ताजा असताना घ्यावा लागतो. आणि कानाचा एक छोटा तुकडा फ्रिजमध्ये ठेवा. ते जिवंत असताना निदान नक्की झालं तर तडफडत ठेवू नका त्याला, व्हेटला सांगून सोडवा. बीफसाठी पाळलेलं असलं म्हणून त्याचं मरण असं असू नये.

टेस्टमध्ये बुल कॅरियर निघाला तर घाबरून कळप विकायला काढू नका. कॅरियर म्हणजे एक किल्ली खोटी असलेलं जनावर, आजारी नव्हे, ते जनावर आयुष्यभर ठणठणीत असतं. कॅरियर बुल आणि कॅरियर गाय यांच्या चार वासरांत सरासरी एक मरतं. यावरून उलटा हिशोब करा, यंदा दोन मेली म्हणजे दोनच गायींत दोष आहे असं नाही, साधारण आठेक गायी तरी असतील, बाकीच्यांचं नशीब यंदा बरं होतं इतकंच. आणि यातला दिलासा असा की बुल जर स्वच्छ वापरला तर एकही वासरू या आजाराने मरणार नाही, गायी कितीही कॅरियर असल्या तरी. मग ज्या कालवडी तुम्ही ठेवणार तेवढ्यांचीच टेस्ट करायची, कॅरियर निघाली ती इतर विक्रीच्या जनावरांबरोबर जाईल, आणि काही वर्षांत दोष कळपातून निघून जातो. घरचे खोंड सगळे बैल करून टाका, टेस्ट झाल्याशिवाय एकही बुल म्हणून शेजाऱ्याला विकू नका, हे मात्र फार कळकळीने सांगतो. अमेरिकेत १९४० आणि ५० च्या दशकांत हेरेफर्डमध्ये बुटक्या वासरांचा दोष असाच पसरला, प्रदर्शनात आखूड बांध्याचे बुल जिंकायचे आणि त्यातले बरेच कॅरियर असायचे, आणि घरात बुटकं वासरू जन्मलं की लोक गुपचूप पुरायचे, बोलायचे नाहीत, कारण बोललं की बुल विकला जात नाही. त्या गप्प बसण्यानेच तो वाढला. उलट २००८ मध्ये अँगस या बीफच्याच दुसऱ्या जातीत वाकड्या ताठ पायांची वासरं जन्मायला लागली, ती सगळी जीएआर प्रिसिजन १६८० या एका गाजलेल्या बुलापर्यंत पोचली, पण तेव्हा लोकांनी वासरं लॅबला पाठवली, काही महिन्यांत टेस्ट आली, अँगसच्या संघटनेने कॅरियर बुलांची यादी उघड लावली. नुकसान झालं, प्रचंड झालं, पण आटोक्यात आलं.

आता मुख्य गोष्ट, गेट. सासऱ्यांनी गेट का बंद केलं ते तुम्हीच लिहिलंय, रोग आला म्हणून. त्यांची भीती खरी आहे आणि त्यांनी जे केलं त्याने ३५ वर्षं कळप बाहेरच्या रोगापासून वाचला हे आधी मान्य करा, तोंडाने बोलून मान्य करा. त्यांनी दोन दारं एकदमच लावून घेतली, एक जनावराचं आणि एक रक्ताचं, पण ती दोन दारं वेगळी आहेत. रेतनाची कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, नायट्रोजनच्या टाकीतून येते, तपासलेल्या केंद्रातली असली तर बुलाबरोबर येणारा रोग तिच्याबरोबर येत नाही. यंदा सगळ्या गायींचा माज जुळवून एआय, म्हणजे कृत्रिम रेतन, करा, ज्या उलटतील त्यांना तीन आठवड्यांनी पुन्हा. दोनदा करूनही रिकाम्या राहतील त्यांच्यासाठी बुल हवाच असेल तर एकच तरुण, अजून गायीवर न गेलेला बुल घ्या, पेस्टीव्हायरसची टेस्ट झालेला, जोन्स रोगाचा, म्हणजे आतड्याच्या एका जुनाट संसर्गाचा, स्कोअर चांगला असलेल्या कळपातला, आणि तो वेगळ्या पॅडकमध्ये ठेवायला तुमच्याकडे अजून सात आठवडे आहेत.

कांडी निवडताना बुलाचे आनुवंशिक दोषांचे रिपोर्ट स्वच्छ हवेत, कालवडींसाठी विण्याला सोपा हवा, आणि वंशावळ चार-पाच पिढ्या मागे जाऊन वाचा, कारण लाईन वनचं रक्त हेरेफर्डमध्ये दूरवर पसरलंय, नाव नवीन आणि आजोबा तोच असं होतं. जनावरांच्या आनुवंशिक गुणांचे आकडे काढणारं ब्रीडप्लॅन तर तुमच्या आर्मिडेललाच जन्मलंय, तिथल्या युनिव्हर्सिटीत, सासऱ्यांनी कदाचित तिथे पाऊलही ठेवलं नसेल पण घरापासून किती जवळ आहे बघा.

आणि एक गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटेल. इनब्रीडिंग हे कर्जासारखं नाही की ३५ वर्षांचं फेडायला ३५ वर्षं लागतील. गायीचं इनब्रीडिंग ४० टक्के का असेना, तिला नात्यात नसलेल्या बुलाची कांडी भरली की पोटातल्या वासराचं इनब्रीडिंग शून्य. एका पावसात. त्या वासरांचं दूध तोडताना काटा तुम्हाला सांगेल. लपलेल्या खोट्या किल्ल्या राहतात, त्यासाठी टेस्ट, पण ती वजनाची आणि जोमाची घसरण पहिल्याच पिढीत बरीच भरून निघते. पुढे मात्र परत एकाच बुलावर येऊ नका. कळपाच्या तीन वाड्या करा, प्रत्येक गायीला तिच्या आईची वाडी. कालवडी माहेरीच राहतात आणि खोंड जावई म्हणून पुढच्या वाडीत जातो, पहिलीचा दुसरीत, दुसरीचा तिसरीत, तिसरीचा पहिलीत. कुठलाही बुल दोन सीझनच्या वर नाही, म्हणजे मुलींची वेळ यायच्या आत तो निघालेला असतो. आणि दर काही वर्षांनी एका वाडीत बाहेरची कांडी. आमच्या माणदेशात खिल्लार पाळणारे लोक खरसुंडीच्या यात्रेतून लांबचा खोंड आणायचे ते रुबाबासाठी आणायचे हे खरं, पण त्यात हेही काम आपोआप होऊन जायचं. मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका वस्तीवर एकाच देखण्या वळूचं कौतुक करत राहिलो, त्याच्या मुली त्यालाच दाखवल्या जातायत हे दिसत असून बोललो नाही, वळूचा मालक वयाने मोठा होता आणि मला संकोच वाटला. तिथे नंतर वासरं जगेनाशी झाली. त्या माणसाने मला कधी बोल लावला नाही. म्हणून तुमच्या पत्राला एवढं लांब उत्तर लिहितोय.

सासऱ्यांना शुद्ध रक्ताचा अभिमान आहे, तो तोडायचा नाही. बुल स्वच्छ निघाला तर त्याचं वीर्य काढून ५०-१०० कांड्या साठवून ठेवा, त्यांचं १९८९ पासूनचं काम टाकीत सुरक्षित राहील आणि वीस वर्षांनीही वापरता येईल, त्यांना हे सांगून बघा, चेहरा बदलेल. कॅरियर निघाला तर स्टिअरांबरोबर, म्हणजे खच्ची केलेल्या खोंडांबरोबर, चरू दे बिचाऱ्याला, लगेच ट्रकमध्ये घालायची घाई नको.

तुम्ही लिहिलं नाही, पण ज्याने ३५ वर्षं एवढ्या निष्ठेने कळप बंद ठेवला त्या माणसाकडे वही असणारच, कुठल्या गायीला कधी काय झालं याची. ती वही मागा. इनब्रीडिंग हा शब्द काढू नका, फक्त म्हणा की मला या तीन वासरांच्या आया कुठल्या, त्यांच्या आया कुठल्या ते शिकवा. कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूला त्यांनाच काढू द्या, खाली तीन वासरं, वर आई-बाप, त्यांच्या वर त्यांचे. तिसऱ्या ओळीपर्यंत पेन्सिल पुन्हा पुन्हा त्याच एका नावावर येईल, ते नाव तुम्ही बोलू नका, त्यांनाच बोलू द्या. वासाची गोष्ट मग सांगा. आणि केसांचं पाकीट मात्र त्या बोलण्याची वाट न बघता या आठवड्यातच पाठवा, रिपोर्टला काही आठवडे लागतात आणि माज जुळवायची औषधं बुल सोडायच्या दिवसाच्या आधीच सुरू करावी लागतात. रिपोर्ट आला की मला कळवा, कॅरियर किती निघाल्या आणि त्यातल्या कुठल्या त्याच्या मुली आहेत ते दोन्ही लिहा, मग यंदा कुठली गाय कुठल्या कांडीला ते आपण बसून ठरवू.